फुकट मुस्तफा : लोअर परळमधल्या एका आर्केड बारचा चढ-उतार

मुंबईत एखादा बार बंद पडला की कारणांची यादी तयारच असते. भाडं, एक्साइज, कोविड, पार्किंग. यादी खोटी नसते. पण त्याच आवारातले बाकीचे दोन बार तेच भाडं भरून, तोच एक्साइज सोसून आणि त्याच कोविडमधून जाऊन कसे टिकले, याचं उत्तर त्या यादीत सापडत नाही. हे प्रकरण मांडताना तो एकच प्रश्न समोर ठेवला आहे.

आधी एक खुलासा. हा बार, त्याचे दोन मालक आणि त्यांचा मेकॅनिक रचलेले आहेत. हॉटेलांच्या वह्या बघताना वेगवेगळ्या ठिकाणी जे दिसत राहतं ते एका गाळ्यात आणून ठेवलं आहे. भाडं, चौरस फूट, बिलं हे आकडे हिशेब मांडता यावा म्हणून धरलेले आहेत. कायदे, कर, सार्वजनिक तारखा, खेळ आणि यंत्रांच्या खोडी मात्र खऱ्या आहेत.

कल्पना कुठून आली

दोघे मालक आते-मामेभाऊ. धाकटा लालबागचा, जाहिरातीच्या धंद्यात बारा वर्षं काढलेला. थोरला ठाण्याचा, लग्नांचं केटरिंग करणारा, पैसा त्याचाच जास्त. धाकट्याच्या डोक्यात कल्पना होती आणि ती वाईट नव्हती.

अमेरिकेत अशा जागा रुळल्या होत्या. ब्रुकलिनमध्ये २००४ साली ‘बारकेड’ उघडलं: क्राफ्ट बिअर आणि ऐंशीच्या दशकातली, नाणं टाकून खेळायची व्हिडिओ गेमची यंत्रं, बाकी फार काही नाही. तिथल्या पिढीसाठी १९७२ चा पाँग, १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स आणि १९८० चा पॅक-मॅन म्हणजे बालपण. आपल्याकडचं बालपण दहा-पंधरा वर्षं उशिराचं. आपल्याकडे आर्केड म्हणजे झगमगती दालनं नव्हती, पार्लर होती. दादर-परळच्या गल्लीत दहा बाय बाराची खोली, प्लायवूडच्या पेट्या, आत साध्या टीव्हीची पिक्चर ट्यूब, आणि रुपयाला एक कॉइन. तिथला राजा होता मुस्तफा. कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ मुंबईतल्या पोरांनी त्यातल्या पिवळ्या शर्टवाल्या गड्याच्या नावानेच ओळखला. त्याच्या बाजूच्या पेटीत स्ट्रीट फायटर आणि नंतर किंग ऑफ फायटर्स ९७.

ही पोरं २०१८ साली पस्तिशीच्या आसपास होती. लोअर परळच्या काचेच्या इमारतींत कामाला होती. संध्याकाळी साडेसातला सुटून पश्चिम रेल्वेची गर्दी ओसरेपर्यंत कुठेतरी टेकायला बघत होती. धाकट्याचा हिशेब असा की गिऱ्हाईक चालत येण्याच्या अंतरावर आहे, आठवण त्याच्याकडे आधीच आहे, आपण फक्त दार उघडायचं.

थोरल्याने एकच प्रश्न विचारला, खेळातून किती मिळणार? धाकटा म्हणाला, दादा, खेळ फुकट ठेवू. लोक खेळायला येतील, पितील, पैसे तिथे. थोरल्याला ते पटलं, कारण केटरिंगमध्येही लाइव्ह काउंटर फुकटच असतो, पैसे ताटाचे घेतात. सगळं प्रकरण या एका संभाषणात आहे, फक्त ते कळायला दोघांना साडेपाच वर्षं लागली.

परवाने

२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या दोन पबना लागलेल्या आगीत १४ जण गेले. त्यानंतर लोअर परळमध्ये नवा बार काढणं म्हणजे अग्निशमन दलाच्या ना-हरकतीसाठी नकाशे पुन्हा पुन्हा काढणं. याबद्दल कुरकुर करायला जागा नाही. ती आग लागण्याआधी हे व्हायला हवं होतं. आपल्या भावांनी पहिल्या मजल्यावरचा गाळा घेतला आणि यंत्रांची पहिली मांडणी तिथेच मोडली. बाहेर पडण्याच्या वाटेत एकही पेटी नको, म्हणून चोवीसच्या ऐवजी अठरा पेट्या राहिल्या.

एफएल-३ म्हणजे परमिट रूमचा परवाना. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, म्हणून पिणाऱ्याकडेही परवाना लागतो. पाच रुपयांचा एक दिवसाचा कागद बारवाले गिऱ्हाइकाच्या नावे फाडतात. याच व्यवस्थेत वयाचं कलम आहे. बिअरला २१, कडक दारूला २५. हे कलम पुढे महत्त्वाचं ठरतं.

खरी अडचण आली ‘व्हिडिओ गेम’ या दोन शब्दांची. मुंबई-ठाण्यात व्हिडिओ गेम पार्लरच्या पाटीमागे पैशांचा जुगार चालल्याच्या बातम्या आणि पोलिसांचे छापे इतके झाले आहेत की अर्जावर ते शब्द दिसले की टेबलापलीकडचा माणूस मान वर करून बघतो. आमच्याकडे फक्त लहान मुलांचे खेळ आहेत, हे पटवण्यात महिने गेले. आणि शेजारी दारू आहे म्हटल्यावर ‘लहान मुलांचे’ म्हणण्याचीही पंचाईत. या घोळातून एक नियम निघाला आणि तो शहाणपणाचा होता: स्कोअरवर बक्षीस म्हणून पेग द्यायचा नाही, कूपन नाही, काहीही नाही. १८८७ च्या जुगारबंदी कायद्याशी तोंडओळखही नको.

यंत्रं आणि काका

अठरा पेट्यांपैकी दोन परदेशातून आल्या. त्या आणणंही सोपं नव्हतं, वापरलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या आयातीवर २०१६ च्या घातक कचरा नियमांची बंधनं आहेत. जपानी पेटीला १०० व्होल्ट लागतात, म्हणून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आला. बाकीच्या सोळा इथेच सुताराकडून करून घेतल्या. आतले पीसीबी, म्हणजे ज्यांवर खेळ चालतो ते सर्किट बोर्ड, काही संग्राहकांकडून, काही चोर बाजारातून.

हे सगळं चालू ठेवणारा माणूस म्हणजे लॅमिंग्टन रोडवर आयुष्य काढलेला, डोंबिवलीला राहणारा टीव्ही मेकॅनिक. दोघे भाऊ त्यांना काका म्हणत, ते दोघांनाही शेट म्हणत, आणि त्या शेट म्हणण्यात थोडी थट्टा असे. नव्वदच्या दशकात पार्लरवाल्यांच्या पेट्या त्यांनीच दुरुस्त केल्या होत्या. त्यांच्या तोंडी कपॅसिटर नाही, कंडेन्सर. पिक्चर ट्यूबला मोठं व्होल्टेज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर म्हणजे फ्लायबॅक नाही, ईएचटी.

काका जोडणी करत असताना एक गोष्ट झाली, तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. बऱ्याच पीसीबींवर बारीक बटणांची एक पट्टी असते, डिप स्विच. एका कॉइनला किती जीव द्यायचे, खेळ किती अवघड ठेवायचा, हे तिथे ठरतं. काकांनी सवयीने सगळ्या पट्ट्या अवघडवर ठेवल्या. धाकट्याने त्या सोप्यावर करायला लावल्या. कॉइनही काढून टाकला, बहुतेक बोर्डांवर फ्री प्लेची सोय असते ती चालू केली. लोक मजा करायला येणार आहेत काका, हरायला नाही. काकांनी पट्ट्या सरकवल्या आणि एवढंच म्हणाले की मग दुसरा कधी खेळणार?

पहिलं वर्ष

उघडलं ते २०१८ च्या हिवाळ्यात. पहिले आठ महिने या धंद्यातल्या कुणालाही हेवा वाटावा असे. शुक्रवार-शनिवार जिन्यात रांग. वीकेंडला पाचशे रुपये कव्हर चार्ज, आत गेल्यावर खाण्यापिण्यात वळता. निऑनच्या उजेडात मुस्तफाच्या पेटीपाशी फोटो काढला नाही असा माणूस नव्हता. ऑफिसांच्या टीम पार्ट्या आल्या, आणि त्याच खरा नफा देत होत्या, कारण तिथे पैसे कंपनीचे आणि खेळणारे पाच, पिणारे पंचवीस.

बायकांबद्दल इथे लिहायला हवं, कारण ही या जागेतली सगळ्यात चांगली आणि सगळ्यात कमी वापरली गेलेली गोष्ट. पार्लरमध्ये मुली नसत. त्या काळात मुलीने त्या खोलीत पाऊल टाकलं असतं तर संध्याकाळपर्यंत चाळीत बातमी गेली असती. म्हणजे बारमध्ये येणाऱ्या जवळपास निम्म्या गिऱ्हाइकांना मुस्तफाची आठवणच नव्हती. त्या आठवणीसाठी आल्या नव्हत्या, त्या खेळायला आल्या होत्या. पॅक-मॅन रचणाऱ्या तोरू इवातानी यांनी मुलींनाही आर्केडमध्ये यावंसं वाटावं असा खेळ करायचं मनाशी धरलं होतं, आणि चाळीस वर्षांनी लोअर परळमध्ये ते खरं होत होतं. पॅक-मॅन आणि टेट्रिसच्या पेट्यांपाशी बायकांचे गट असत. एक खेळणार, तिघी टेबलावर, पाच मिनिटांनी पाळी बदलणार. मागवणं चालू. पण भिंतीवरची चित्रं, मेनूतली नावं, इन्स्टाग्रामवरच्या ओळी सगळ्या शाळा बुडवून पार्लरला पळणाऱ्या मुलग्यांच्या. जाहिरातीत बारा वर्षं काढलेल्या माणसाला हे दिसू नये याचं मला नवल वाटतं.

हातात ग्लास नाही

पहिल्या पावसाळ्यानंतर विक्रीत जे दिसू लागलं ते हॉलच्या कॅप्टनने सगळ्यांत आधी सांगितलं. गर्दी तेवढीच होती. बिलं पडली होती. माणशी अकराशेवर असलेलं बिल साडेसहाशेवर आलं होतं.

मुस्तफाचा खेळ आठ टप्प्यांचा. खेळता येणारा माणूस खेळला की दोन तास नाही, पण पाऊण तास सहज जातो. खेळ सोप्यावर आणि कॉइन फुकट म्हटल्यावर कोणीही शेवटपर्यंत पोचतो. दोन मित्र यायचे, कव्हरच्या पैशांत एकेक बिअर घ्यायचे, आणि पेटीला चिकटायचे. दोन्ही हात गुंतलेले. बिअर कोमट व्हायची. कोमट बिअर संपत नाही आणि न संपलेल्या बिअरवर दुसरी कोणी मागवत नाही. मागे चार जण पाळीची वाट बघत उभे, त्यांच्याही हातात काही नाही, कारण पाळी आली तर ठेवायचं कुठे? परदेशातल्या अशा बारांत दोन पेट्यांच्या मध्ये ग्लास ठेवायला फळी असते. इथे सुताराच्या नकाशात ती नव्हती, आणि नंतर ठोकली ती कंट्रोल पॅनेलच्याच वर. तिथून सांडलेली बिअर सरळ बटणांत.

शिवाय उभ्या माणसाला टेबल नंबर नसतो. केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, टेबलाच्या नंबरावर फाटते. खेळता खेळता कोणी नाचोज सांगितले तर ते कुठल्या टेबलाला लावायचे? वेटर अंदाजाने लावायचा, बिलाच्या वेळी वाद, आणि शनिवारी रात्री एक-दोन बिलं बुडायची. मनगटावर पट्टी बांधून खातं चालवायची पद्धत आणली तेव्हा वाद थांबले, पण तोवर वर्ष गेलं होतं.

वयाचं कलम आठवा. अठरा पेट्यांवर सगळ्यात जास्त वेळ कोण असतं? बावीस-तेवीसचा मुलगा, ज्याला घरी जायची घाई नाही. कायद्याने त्याला कडक दारू देता येत नाही. ज्याला व्हिस्की देता येते तो चाळिशीचा माणूस पहिल्या भेटीत मुस्तफावर दहा मिनिटं खेळतो, हसतो, फोटो काढतो, आणि मग त्याला बसायचं असतं. पाठ दुखते. खुर्ची हवी असते आणि खुर्च्या कमी होत्या, कारण जागा पेट्यांनी खाल्ली होती. हा माणूस तिसऱ्यांदा आला नाही. आठवण दोनदा विकता येते, तिसऱ्यांदा त्याला आपलं काय आवडतं ते विचारावं लागतं.

आता कॉइनकडे येतो. पार्लरवाल्याच्या दृष्टीने कॉइन म्हणजे कमाई होती हे उघड आहे. पण त्याहून जास्त ते त्याचं घड्याळ होतं. जगभरचे आर्केड खेळ अशा बेताने रचले जात की नवख्याला एका नाण्यात दोन-तीन मिनिटं मिळावीत, हरावं, आणि मागच्याने पुढे यावं. स्ट्रीट फायटर २ ने १९९१ मध्ये यावर कडी केली: दोघं लढणार, हरणारा बाजूला, जिंकणाऱ्यासमोर नवा माणूस नवं नाणं घेऊन. खेळाच्या पोटातच पाळी बदलण्याची यंत्रणा आहे. बारला हेच हवं असतं, कारण पेटीवरून उतरलेला माणूस टेबलावर येतो आणि हरलेला माणूस मागवतो. धाकट्याने खेळ फुकट केला तेव्हा नुसते कॉइनचे पैसे सोडले नाहीत, घड्याळच काढून टाकलं. बारकेडने खेळाला पंचवीस सेंट लावले, ते उगाच नाही.

जागेचा हिशेब

गाळा २,००० चौरस फुटांचा, दर ३०० रुपये. भाडं ६ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,०८,०००. नोव्हेंबर २०१७ पासून रेस्टॉरंटला ग्राहकाकडून ५ टक्के जीएसटी घ्यावा लागतो आणि इनपुट क्रेडिट, म्हणजे स्वतः खर्चावर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. दारू तर जीएसटीच्या बाहेरच. म्हणजे भाड्यावरचे ते १,०८,००० रुपये कुठेही वळते होत नाहीत, ते खर्चातच जातात. केटरिंग करणाऱ्या थोरल्याला हे माहीत असायला हवं होतं, पण लग्नाच्या हॉलचं भाडं यजमान भरतो. खरा दर पडला ३५४ रुपये चौरस फूट.

एका पेटीला, खेळणाऱ्याला उभं राहायला आणि मागच्या दोघांना बघायला मिळून २४ चौरस फूट लागतात. अठरा पेट्या म्हणजे ४३२ चौरस फूट. चार खुर्च्यांचं टेबल ५४ चौरस फुटांत बसतं, म्हणजे पेट्यांनी आठ टेबलं, बत्तीस खुर्च्या खाल्ल्या. महिन्याला या जागेचं भाडं सुमारे १,५३,०००. पेटीमागे ८,५०० च्या आत, दिवसाला २८३ रुपये.

वीस रुपयांचा कॉइन ठेवला असता, त्यातला १८ टक्के कर वजा केला असता, तर पेटीला दिवसाला सतरा कॉइन पडले की तिचं भाडं सुटत होतं. चार मिनिटांचा एक खेळ धरला तर दिवसातला जेमतेम सव्वा तास. संध्याकाळी सातपासून रात्री दीडपर्यंत बार उघडा. सोमवारीही हे जमलं असतं. खेळाची वेगळी विक्री दाखवून तेवढ्या हिश्श्याचं इनपुट क्रेडिट मागता आलं असतं, निदान वाद तरी घालता आला असता. हा हिशेब करायला पाटी-पेन्सिल पुरते. सुरुवातीला तो कोणी केला नाही, कारण खेळ हा खर्चाच्या रकान्यात जाहिरातीखाली लिहिला होता. जाहिरातीला कोणी भाडं विचारत नाही.

पावसाळा आणि पिक्चर ट्यूब

दुरुस्तीवर थोडं विस्ताराने लिहितो, कारण नवे लोक नेमके इथेच फसतात.

देशातले पिक्चर ट्यूबचे कारखाने बंद होऊन वर्षं झाली. ईएचटी गेली तर जुळणारी शोधावी लागते, ट्यूब गेली तर भंगारातला जुना टीव्ही फोडावा लागतो. कंडेन्सर जुने झाले की चित्र आक्रसतं, कडा वाकतात. मुंबईच्या जूनमध्ये दिवसभर बंद गाळा, संध्याकाळी एसी, रात्री पुन्हा बंद: यंत्राच्या आत दव धरतं, कनेक्टरला हिरवा थर येतो, बटणांखालचे मायक्रोस्विच चिकटतात. आर्केड बोर्डांना १९८५ पासून जॅमा नावाचा प्रमाणित ५६ पिनांचा कनेक्टर असतो म्हणून काकांना बोर्ड बदलणं तरी सोपं होतं. एरवी अठरापैकी चार-पाच पेट्या कायम ‘बंद आहे’ची पाटी लावून उभ्या असत, आणि भाडं त्यांचंही चालू असे.

सगळ्यात महाग धडा मुस्तफानेच दिला. धाकट्याने संग्राहकाकडून अस्सल कॅपकॉम बोर्ड घेतला होता, मोठी किंमत मोजून. या बोर्डावर एक छोटी बॅटरी असते. ती मेली की बोर्डातली गुपित माहिती पुसली जाते आणि बोर्ड सुरूच होत नाही. नक्कल थांबवण्यासाठी कंपनीने केलेली ही सोय. नवी बॅटरी घातली म्हणून तो उठत नाही, वेगळे उपचार लागतात आणि ते करणारे कमी. पहिल्याच पावसाळ्यात ती बॅटरी गेली. काकांनी चोर बाजारातला डुप्लिकेट बोर्ड लावला, त्यात बॅटरीच नव्हती, तो शेवटपर्यंत चालला. पार्लरमध्येही डुप्लिकेटच असायचे. एकाही गिऱ्हाइकाला फरक कळला नाही.

जिथे फरक कळला ते पडद्यांचं. खर्च वाचवायला सहा पेट्यांत ट्यूब काढून एलसीडी पॅनेल बसवलं. बटण दाबल्यापासून ठोसा बसेपर्यंत जो क्षणाचा उशीर होतो तो किंग ऑफ फायटर्सवाल्यांना लगेच लागला, आणि आठवड्याच्या मधल्या वारी येणारा तो एकमेव गट तुटला. त्यांच्या जाण्याने विक्री फारशी कमी झाली नाही. पण रिकाम्या हॉलमध्ये ओरडणारी, हरणारी, पैज लावणारी तीच मुलं होती. ती गेली आणि मंगळवारी आत डोकावणाऱ्याला फक्त दिवे लागलेल्या पेट्या दिसायला लागल्या.

कोविड आणि नंतरचं

मार्च २०२० मध्ये टाळं लागलं. ऑक्टोबरमध्ये निम्म्या क्षमतेने उघडायची मुभा मिळाली, पण ज्या जागेचा धंदाच एकाच दांड्याला शंभर हात लागण्याचा, तिची निम्मी क्षमता म्हणजे काय? एक आड एक पेटी बंद, प्रत्येक खेळानंतर सॅनिटायझर, आणि सॅनिटायझर बटणांच्या फटीतून आत. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात ३६ महिन्यांचा लॉक-इन होता, तेव्हा सोडताही येईना. जागामालकाने काही महिने भाडं निम्मं केलं, बाकीचं पुढे ढकललं. माफ केलं नाही, आणि करारात तसं काही नव्हतंही.

२०२२ मध्ये गर्दी परत आली तेव्हा शेवटची बरी संधी होती. भावांनी अखेर कॉइन आणला, तीस रुपयांचा. तर्क बरोबर होता, वेळ चुकली. साडेतीन वर्षं जे फुकट होतं त्याला तीस रुपये लावले की माणूस तीस रुपये मोजत नाही, आपल्याला लुटलं असं मोजतो. ऑनलाइन शेरे वाईट पडले. दोन महिन्यांत कॉइन मागे घेतला. मग एकाच बोर्डात शेकडो खेळ असलेली चिनी पॅंडोरा पेटी आणली. तिने दुरुस्तीचा खर्च घटवला. पण समोर शेकडो खेळांची यादी आली की माणूस खेळत नाही, यादीच चाळत बसतो.

पुढच्या वर्षी दहा पेट्या काढून टेबलं लावली. विक्री वाढली. थोरल्याला आनंद झाला आणि माझ्या मते तिथेच जागा संपली, कारण आता तो साधा बार होता. साधा बार म्हणून तो पहिल्या मजल्यावर, रस्त्यावरून न दिसणारा, छोट्या किचनचा आणि शेजारच्या दोघांपेक्षा मेनूत कमी होता. ते दोघे टिकले ते काही हुशार होते म्हणून नाही. त्यांच्या प्रत्येक चौरस फुटावर खुर्ची होती आणि खुर्चीवरच्या माणसाचे हात मोकळे होते.

बाकीचं भराभर झालं. १ नोव्हेंबर २०२३ पासून बारमधल्या दारूवरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला. २० मे २०२४ ला, सोमवारी, मुंबईत मतदान होतं. ४८ तास आधीपासूनचा ड्राय डे शनिवारच्या संध्याकाळीच सुरू झाला, म्हणजे शनिवार-रविवार दोन्ही गेले. ४ जूनला मोजणी, निकाल लागेपर्यंत पुन्हा ड्राय. दोन दिवसांच्या धंद्यावर सात दिवस काढणाऱ्या जागेला असा एक वीकेंड पुरतो. जूनचं भाडं थकलं, जुलैत नोटीस दिली.

निवाडा

दोघा भावांचं आजही एकमत नाही. थोरला म्हणतो जागा महाग घेतली. हेच अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत निम्म्या दराने चाललं असतं. मला तसं वाटत नाही. दर निम्मा केला तरी फुकट पेटीची कमाई शून्यच राहते, आणि अंधेरीत संध्याकाळी चालत येणारं ऑफिसचं गिऱ्हाईक तेवढं नाही. धाकटा म्हणतो कोविड नसता तर निभावलं असतं. माणशी बिल मार्च २०२० च्या आधीच घसरलं होतं, ते कॅप्टनच्या वहीत आहे. त्याच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की कॉइन दुसऱ्या वर्षी आणायचा, असं फेब्रुवारी २०२० मध्ये ठरलं होतं आणि छापलेले टोकन गोदामात पडून होते.

अनामत सहा महिन्यांची होती, ३६ लाख. थकलेलं भाडं, गाळा मूळ स्थितीत आणण्याचा खर्च आणि विजेचं बिल वजा होऊन अकरा लाख परत आले. एफएल-३ परवाना रीतसर हस्तांतर होऊन गेला, आणि सगळ्या पसाऱ्यात चांगली किंमत फक्त त्या कागदाची आली. जपानी पेटी पुण्याच्या एका हौशी माणसाने नेली. काकांचं आठ महिन्यांचं बिल बाकी होतं. त्यांनी पैशांऐवजी आठ पेट्या घेतल्या, डुप्लिकेट बोर्डाच्या मुस्तफासकट. डोंबिवलीच्या एका गोदामातून ते आता त्या वाढदिवसांना आणि ऑफिसच्या कार्यक्रमांना संध्याकाळच्या भाड्याने देतात. डिप स्विच अवघडवर. भाडं आगाऊ, टेम्पो वेगळा, आणि पेटीवर पेय ठेवल्यास दुरुस्ती भाडेकरूच्या खर्चाने, ही ओळ पावतीवर छापलेली.